नंबर चारची टोपी

नागावच्या रचनाताईंना जुन्या वस्तूंचं भारी वेड. पितळी कुलपं, फुटके कंदील, कोळशाच्या इस्त्र्या, काय मिळेल ते त्या मुंबईहून आणायच्या आणि आपल्या होमस्टेच्या भिंतींवर टांगायच्या. गोदावरीला यातलं काही कळायचं नाही. तिच्या स्वतःच्या घरात सगळंच जुनं होतं आणि ते बघायला कुणी गाडी काढून येत नव्हतं. पण ती बोलायची नाही. तिचं काम तांदळाच्या भाकऱ्या थापायचं. सहा वर्षं ती तेच करत होती, आणि शनिवार-रविवारी पाहुण्यांची झुंबड उडाली की तिला तव्यापुढून उठायलाही सवड नसायची.

त्या शुक्रवारी सकाळी टेम्पोतून आठ-दहा मोठ्या फ्रेमा उतरल्या. काचेमागे पिवळ्या पडलेल्या जुन्या जाहिराती होत्या.

"मावशी, पाहुणे दुपारनंतर येतील," रचनाताई म्हणाल्या. "तोवर एवढ्या काचा पुसून द्याल?"

गोदावरीने साबणवाली बाई पुसली, चहाची किटली पुसली, केशतेलाचे गुडघ्यापर्यंतचे केस पुसले आणि पुढची फ्रेम मांडीवर घेतली. मांडीवर तिचा बाप होता.

तोही एकदा नव्हे, सहा वेळा. वर वेलबुट्टीच्या अक्षरांत 'नवरत्न कॅप डेपो, मुंबई' असं लिहिलेलं, आणि खाली दोन ओळींत सहा मुंडकी. पहिल्यावर डोळ्यावर झुकलेली, रेशमी फीत लावलेली फेल्ट हॅट: 'नं. १, साहेबी घाट'. दुसऱ्यावर टोपलीएवढी सोला हॅट, शिकारी घाट. तिसरी जरीची, दरबारी. पाचवी केसाळ आणि कानावर कललेली, कॉलेजी. सहावीला पुढे झापड, ती खेळाडूंची. आणि चौथी उंच, काळी, मखमली, कडा अशा कडक की हात लावला तर कापेल. तिच्याखाली 'कारभारी घाट'. टोप्या सहा, पण माणूस सगळीकडे एकच. गोरा, धारदार नाकाचा, मिशीची टोकं वर वळवलेली, डाव्या भुवईच्या टोकाला तीळ. सर्वांत खाली लिहिलं होतं: माणूस तोच, मान नवा! आजच आपले डोके सजवा!

गोदावरी चौथी शिकलेली. तिने एकेक अक्षर लावून सगळं वाचलं. आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदा तिला आनंदच झाला. आपला बाप मुंबईला गेला होता! टोपीवाल्यांनी त्याला बोलावून फोटो काढले होते! ही गोष्ट आपल्याला कुणी कशी सांगितली नाही?

"ताई, हे कवाचं आहे हो?"

रचनाताईंनी वाकून कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचली. "एकोणीसशे अडतीस. छान आहे ना? तेव्हा मॉडेल वगैरे कुठले मिळायला, एकाच माणसाला सगळ्या टोप्या घालून उभा केला."

गोदावरीला हिशोब फार येत नव्हता, पण एवढा येत होता. तिचा बाप येसाजी एकसष्ट साली पस्तीस वर्षांचा होऊन गेला. अडतीस साली तो बारा वर्षांचा पोर असणार, आणि या माणसाला तर चांगली झुपकेदार मिशी होती.

त्या दिवशी तिच्या भाकऱ्या करपल्या.

येसाजीने तिला पाहिलं नव्हतं आणि तिने येसाजीला. पेणच्या पलीकडे, खाडीकाठच्या गावात तो मिठागरावर राबायचा. एका उधाणाला बांध फुटला आणि त्यात तो गेला. वस्तीही उठली, आणि गोदावरीची आई सखुबाई जिथे राहायला गेली त्या गावात येसाजीला कुणी पाहिलेलं नव्हतं. येसाजी गेला तेव्हा थोरला भाऊ धर्माजी अकरा वर्षांचा होता आणि गोदावरी आईच्या पोटात तीन महिन्यांची. ती जन्मली ती बिनबापाची. पण घरात शिरल्या शिरल्या समोरच्या भिंतीवर बाप होता: काळी उंच टोपी, बंद गळ्याचा कोट, खिशाला पेन. सर्वपित्रीला त्याला हार, दिवाळीला त्याच्यापुढे पणती. लहानपणी ती त्याच्याशी बोलायची. पडली, झडली, कुणी मारलं, तर आईकडे न जाता फोटोखाली जाऊन रडायची. मिठागरावर अंगठा उठवणाऱ्या माणसाच्या खिशाला पेन कसं, हा प्रश्न तिला कधी पडला नाही, कारण बापाबद्दल प्रश्न विचारायचे असतात हेच तिला माहीत नव्हतं.

प्रश्न दुसऱ्यांना पडले. पोर काळी. नाक बसकं. कपाळ हे एवढं रुंद, आणि दात पुढे. बाप भिंतीवर राजबिंडा. गावात बायकांची तोंडं काही शिवून ठेवलेली नसतात. नवरा गेल्यावर सहा महिन्यांनी झालेली पोर, आणि बापाचं एकही लक्षण अंगावर नाही! गोदावरीच्या हळदीला, धवलारीण लग्नाची गाणी म्हणत असताना, शेजारच्या एका म्हातारीने फोटोकडे बघून सगळ्यांच्या देखत विचारलं होतं, "सखू, पोरीनं नाक कुनाचं घेतलं गो?" बायका हसल्या. सखुबाईने हंडा उचलला आणि भरलेल्या घरातून ती पाण्याला निघून गेली. ती नेहमी तेच करायची. कुणी असं काही बोललं की ती पाण्याला जायची. गोदावरीला वाटायचं, आई भांडत का नाही? आणि जी बाई भांडत नाही तिच्याजवळ सांगायला काही नसणार, म्हणजे लोक म्हणतात ते खरंच असणार, असंही तिला वाटायचं. आईबद्दल असं वाटायचं, याची तिला आयुष्यभर लाज वाटली, पण वाटायचं थांबलं नाही.

एकटी असली की ती आरसा घेऊन फोटोखाली बसायची. तीळ नाही. नाक नाही. भुवई नाही. कान तरी? तेही अर्धे टोपीत गेलेले.

सखुबाई पंधरा वर्षांपूर्वी वारली. आणि आता गेल्या महिन्यात धर्माजी प्रज्योतला, म्हणजे आपल्या मुलाला, घेऊन मोठ्या गाडीतून नागावला आला होता. येसाजीच्या नावाची खारजमीन नव्या रस्त्याला लागून आली होती, नवी मुंबईचा बिल्डर घ्यायला तयार होता, आणि सातबाऱ्यावर बहिणीचं नाव लागत होतं. बहिणीने हक्कसोड करून द्यायचं, भावाने साडी-चोळी करायची. या भागात बहिणींचं आजवर असंच चालत आलं आहे, आणि सही करताना रडल्या तर त्या माहेरच्या आठवणीने रडल्या असं सगळे समजतात.

"गोदे," धर्माजी तेव्हा म्हणाला होता, "लोक काय काय बोलले ते तुना माहीत हाय. मी कधी बोललो? मी तुना बहीनच मानली."

मानली. हा शब्द तिच्या काळजात रुतून बसला. खऱ्या बहिणीला कुणी मानत नाही, ती असते. पण तिला रागही आला नाही. जे आपलं असल्याची स्वतःलाच खात्री नाही, त्यावर हक्क कसला सांगायचा? तिने एवढंच म्हटलं, "दादूस, मना जमीन नको. बाबांचा फोटो दे."

धर्माजीने एका क्षणाचाही विचार केला नाही. आठ दिवसांनी प्रज्योत साडी आणि फोटो एकाच पिशवीत घालून देऊन गेला. सहीसाठी सोमवार ठरला, पेणच्या निबंधक कार्यालयात.

तर अशी ती शुक्रवारची संध्याकाळ. गोदावरी काम उरकून घरी आली आणि फोटोसमोर बसली. रचनाताईंकडून तिने जाहिरातीचा फोटो मोबाईलवर मागून घेतला होता. मोबाईल तिने काचेला लावला. तीळ तिथेच. मिशीचं उजवं टोक डाव्याहून जरा वर, तेही तसंच. टोपीच्या कडेवर पडलेली उजेडाची पांढरी रेघसुद्धा तीच. कोट मात्र नंतर रंगवलेला होता, आणि आता नीट पाहिल्यावर मानेपाशी कागद चिकटवल्याची कड दिसत होती. त्रेसष्ट वर्षं ती दिसली नव्हती, कारण तिकडे कुणी बघतच नव्हतं. सगळे नाकाकडे बघत होते.

तिला रडू येईल असं वाटलं होतं. आला तो संताप, आणि तो कुणावर काढावा ते कळेना. भिंतीवरच्या त्या परक्या माणसावर काढून काय उपयोग? त्याने बिचाऱ्याने टोप्या घातल्या आणि आपली बिदागी घेऊन तो घरी गेला असेल. त्याला काय ठाऊक, की पेणच्या पलीकडे एका पोरीचं नाक रोज त्याच्या नाकाशी ताडून बघितलं जाणार आहे.

सोमवारी ती एसटीने पेणला पोचली तेव्हा धर्माजी आणि प्रज्योत कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसलेले होते. धर्माजी पंच्याहत्तरीचा, पांढरा स्वच्छ लेंगा-सदरा, डोक्यावर टोपी. दोन वेळा ग्रामपंचायतीवर निवडून आलेला, गावात 'येसाजी मुकादमाचा मुलगा' म्हणून ओळखला जाणारा माणूस.

"आत्या, पुढच्या पंधरा मिनिटांत आपला नंबर," प्रज्योत म्हणाला. "फक्त फोटो, अंगठा आणि सही. चहा घेतेस?"

गोदावरीने चहा नको म्हटलं. तिने पिशवीतून फ्रेम काढून बाकावर उभी केली, आणि तिच्या शेजारी मोबाईल धरला.

"दादूस, हा कोन?"

धर्माजीने चष्मा पुढे-मागे केला. मग त्याचा चेहरा असा पडला की तिला दुसरं काही विचारायची गरज उरली नाही. तरी तिने विचारलं. "तुना माहीत होता?"

"हलू बोल," तो म्हणाला. "लोक हायेत."

"माहीत होता का न्हाय, तेवढं बोल."

त्याने इकडेतिकडे बघितलं. प्रज्योत मोबाईलवरची सहा मुंडकी एकेक करून मोठी करून बघत होता. शेवटी धर्माजी बोलला, आणि बोलताना तो आपल्या चपलेकडे बघत होता.

वर्षश्राद्धाला भिंतीवर फोटो पाहिजे, असं सखुबाईने मनात घेतलं होतं. पण येसाजीचा फोटो कुणी काढलाच नव्हता. मिठागरावरच्या माणसाचा फोटो कोण काढतो? पेणला एक रंगारी होता. गणपतीच्या हंगामात मूर्तींचे डोळे आखायचा, आणि उरलेलं वर्ष मेलेल्या माणसांचे फोटो करून द्यायचा. ज्याचा फोटो नसेल त्याच्या घरच्यांपुढे तो जुन्या जाहिरातींचा गठ्ठा टाकायचा आणि म्हणायचा, यातला जवळचा कोणता ते दाखवा. मग ते मुंडकं कापायचं, पुठ्ठ्यावर चिकटवायचं, खाली कोट रंगवायचा आणि त्याचा नवा फोटो काढायचा. त्या काळात कितीतरी घरांत असे बाप आणि आजे लटकत असतील. सखुबाई अकरा वर्षांच्या धर्माजीला घेऊन गेली होती. गठ्ठ्यात जवळचा एकही नव्हता.

"मग ह्यो कनाला घेतला?"

"आयशीला टोपी आवडली," धर्माजी म्हणाला. "बोलली, जिता होता तवा डोक्याला फडका बांधून फिरला. आता तरी टोपी घालू दे."

आईचं हे असं वाटणं गोदावरीला एका क्षणात समजलं, आणि त्यात कुठे खोट काढावी असं काही नव्हतं. एका विधवेने नवऱ्याला मेल्यावर एक टोपी घेतली होती, एवढंच.

"पन मंग लोक मना बोलायला लागले तवा? तवा का न्हाय सांगितलं तिनं?"

"सांगनार होती." धर्माजीने मान आणखी खाली घातली. "तुजं हलदीचं झालं तवा निघाली होती सांगाया. मीच बोललो, नको. तवर समद्या गावात येसाजी मुकादम झाला होता. त्या टोपीवरनंच झाला होता. माजी सोयरीक त्यावर झाली, पंचायतीत मी त्या नावावर उभा ऱ्हायलो. आयस सांगती तर लोक मना टोपीवाल्याचा पोर म्हणून हसले असते."

"आनि मना काय बोलत होते? आयशीला काय बोलत होते?"

एका बाजूला धर्माजीची पंचायत आणि दुसऱ्या बाजूला आईची अब्रू, असा तराजू त्याने धरला होता आणि पारडं कुठे झुकलं ते समोरच बसलं होतं. सखुबाई मरेपर्यंत पाण्याला जात राहिली. आणि गोदावरीने, तिच्या पोटच्या पोरीने, गावाबरोबर तिच्यावर संशय घेतला. तिचे पाय धरून माफी मागावी, तर ते पाय पंधरा वर्षांपूर्वी जळून गेले होते.

"आत्या," प्रज्योत हळूच म्हणाला, "आपला नंबर आला."

ती उठली नाही. ते बघून धर्माजी धास्तावला. इतका वेळ खाली असलेली मान त्याने वर केली आणि तो घाईघाईने बोलू लागला.

"गोदे, ऐक. तू बापसासारखीच हायेस. हुबेहूब. ते कपाल, ते नाक, समदं त्याचंच. मी डोल्यानं बघितलाय त्याला, मना माहीत. देवाशपथ सांगतो."

हे वाक्य ऐकायला तिने सारा जन्म काढला होता. आरसा घेऊन बसली होती ती याच्यासाठी. आणि आता ते आलं होतं तर त्याच्या पाठोपाठ, श्वासही न घेता, धर्माजी म्हणाला, "झालं ना तुजं समाधान? चल आता. सही कर."

तिला वाटलं, साडी-चोळी दिली, फोटो दिला, सही अडली म्हणून आता बापही दिला. हे खरं असेल का? खरं असेलही. पण ज्याने त्रेसष्ट वर्षं खोटं सांभाळलं, त्याच्या शपथेवर विश्वास कसा ठेवायचा? आणि खरं असेल, तर ते त्याच्या जिभेवर इतकी वर्षं होतं आणि त्याने ते जमिनीसाठी राखून ठेवलं होतं. कुठूनही बघा, हाताला काटाच लागत होता.

ती उठली आणि आत गेली. फ्रेम आणि साडीची पिशवी तिने बाकावरच ठेवली.

आत एका टेबलावर छोटा कॅमेरा होता. समोरच्या बाईने तिला खुर्चीवर बसवलं, पदर जरा मागे घ्यायला सांगितलं आणि कागद चाळत विचारलं, "नाव? बरोबर आहे. आणि मयत येसाजी तुमचे कोण?"

"बापूस," गोदावरी म्हणाली. मग तिला वाटलं, हे पुरेसं झालं नाही. "मी लेक त्यांची."

"या जमिनीवरचा हक्क तुम्ही भावाच्या नावे सोडताय. राजीखुशीने ना? कुणाचा दबाव नाही?"

"न्हाय."

"दबाव नाही. मग इथे अंगठा..."

"दबाव न्हाय, आनि मी सोडतही न्हाय," गोदावरी म्हणाली. "माजा हिस्सा मना पायजे."

बाईने मान वर करून तिच्याकडे बघितलं, कागद बाजूला ठेवला आणि पुढच्या नंबराला हाक मारली. असे प्रकार तिने आधीही बघितले असावेत.

बाहेरच्या व्हरांड्यात धर्माजी दाराला कान लावून उभाच होता. तिला बाहेर येताना बघताच त्याचा तोल गेला. जे लोक ऐकतील म्हणून तो मघाशी कुजबुजत होता, त्याच लोकांपुढे तो आता ओरडला. "बघितलंत? रगत असता तर अशी वागली असती? प्रज्योत, मी बोललो होतो ना तुला? आपल्यातली न्हायच ती!"

बाकावरची माणसं वळून बघायला लागली. पाच मिनिटांपूर्वी देवाची शपथ घेऊन दिलेला बाप त्याने पाच मिनिटांत परत काढून घेतला होता.

गोदावरी पाण्याला जाणाऱ्यांतली नव्हती. ती सरळ त्याच्यावर चालून गेली. कपाळाला आठ्या पडल्या होत्या, दात आवळलेले होते, आणि उजवा हात आपण कधी वर उचलला ते तिचं तिलाही कळलं नाही. ती त्याच्यापासून दोन हातांवर येऊन थांबली.

आणि पंच्याहत्तर वर्षांचा धर्माजी मटकन खाली बसला. दोन्ही कोपर त्याने तोंडापुढे घेतले, डोळे मिटले आणि लहान पोरासारखं अंग चोरून तो बारीक आवाजात म्हणाला, "नको बाबा, नको. पुन्हा न्हाय करनार."

प्रज्योत एकदा बापाकडे, एकदा आत्याकडे बघत राहिला. त्याला काहीच समजलं नाही.

गोदावरीने हात खाली घेतला. तिला सगळं समजलं होतं. जन्मात पहिल्यांदा तिला कुणी येसाजीची लेक म्हणून ओळखलं होतं, ते असं, मार चुकवताना.